अम्मीचा दुपारी दोनचा डोस

2022 चा रमजान 3 एप्रिलला सुरू झाला. त्या दिवसांत मिरजेत ऊन नुसतं भाजून काढतं आणि सेहरी संपल्यापासून इफ्तारपर्यंत जवळजवळ पावणेचौदा तास जातात. अम्मीला साखर होऊन बारा वर्षं झाली होती. मी दर रमजानच्या आधी तिला सांगतो, आजारी माणसाला सवलत आहे, खुद्द कुरआनात आहे. ती दरवर्षी म्हणते, "मालूम है मेरे कू." आणि रोजे धरते.

त्या वर्षी मी तिच्यापेक्षा निश्चिंत होतो, कारण तिच्या फोनमध्ये आमचं अ‍ॅप होतं. मी पुण्यात एका कंपनीत डिझायनर आहे. औषधाच्या वेळेची आठवण करून देणारं अ‍ॅप आम्ही बनवलं होतं. सकाळी नऊ, दुपारी दोन, रात्री नऊ अशा तीन वेळा ते वाजायचं. 'घेतली' असं बटण दाबलं की हिरवी खूण. तासाभरात दाबलं नाही तर घरातल्या ज्याचा नंबर दिला असेल त्याला लाल रंगात निरोप. अम्मीसाठी तो नंबर माझा होता. दहा दिवस एकही लाल निरोप आला नाही. रोज तीन हिरव्या खुणा. कामाच्या गडबडीत मी त्या बघायचो आणि बरं वाटून घ्यायचो.

अकराव्या रोज्याला असरच्या नमाजनंतर भाभीचा फोन आला. अम्मीला दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते, बोलणं जड झालं होतं. भाभीनं मशीनवर साखर बघितली तर 58. सत्तरच्या खाली गेली की रोजा तिथंच सोडायचा, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. पण इफ्तारला तासाभराच्या आसपास राहिलेला, अम्मी तोंड उघडेना. शेवटी भाभीनं तिला धरून साखरेचं पाणी पाजलं. अम्मी त्या रात्री रडली म्हणे. तब्येतीसाठी नाही, रोज्यासाठी.

मी रात्रीच्या गाडीनं निघालो. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती, मग गुड फ्रायडे, सुट्ट्या लागूनच होत्या. शनिवारी तिला घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. मोठ्या ऐटीत मी त्यांच्यापुढे फोन ठेवला, हे बघा, सगळी नोंद आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि अम्मीला विचारलं, "काय हो, तुमचा रोजा ना? मग दुपारी दोनला गोळी कशी घेतली?"

अम्मी गप्प. मीही गप्प.

खरी गोष्ट अशी होती. रोज्यात दुपारची गोळी घेणार कशी? सकाळची, जिच्यानं साखर झपाट्यानं उतरते ती गोळी, अम्मी आपल्या मनानं सेहरीला पूर्ण घेत होती. दुपारची सोडून देत होती. रात्रीची इफ्तारनंतर, कधी तरावीह झाल्यावर. आणि नऊ, दोन, नऊ वाजता फोन वाजला की 'घेतली' दाबत होती. घरी आल्यावर मी विचारलं, का दाबलं असं? ती म्हणाली, "नहीं दबाई तो तेरे कू लाल आता ना. उधर तू फिकर करता बैठता."

डॉक्टरांनी डोस बदलून दिला. जास्त जोर इफ्तारच्या वेळी, सेहरीला कमी. दिवसातून दोनदा साखर तपासायची. बोटाला टोचून रक्त काढल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमांचं मत आहे, हे अम्मीला पटवायला भाऊ मशिदीतल्या इमामसाहेबांना घरी घेऊन आला. अम्मीचं ते निभावलं. माझं मात्र पुण्याला परतल्यावर सुरू झालं.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे, इंग्रजीत तिला सिनॅरिओ म्हणतात. मी मराठीत 'प्रसंग' म्हणतो. वस्तू बनवण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाची एक छोटी गोष्ट लिहायची: माणूस कोण, कुठं आहे, त्याला काय साधायचं आहे, मग काय काय घडतं. शब्द मूळचा इटालियन नाटकवाल्यांचा. त्यांच्याकडे संवाद लिहिलेले नसत; कथेचा नुसता आराखडा पडद्यामागे टांगलेला असे आणि नट वेळेवर बोलत. आपल्या तमाशातला वगही कित्येक वर्षं असाच उभा राहायचा. संगणकाच्या क्षेत्रात ही पद्धत रुजवण्यात जॉन कॅरोल या अमेरिकी संशोधकाचा मोठा वाटा आहे. 1995 साली त्यानं या विषयावर एक ग्रंथच संपादित केला. त्याच्याही आधी, 1983 मध्ये, अ‍ॅलन कूपर नावाचा एक प्रोग्रामर जेवण झाल्यावर जवळच्या गोल्फच्या मैदानावर फिरायला जायचा आणि चालता चालता स्वतःशीच संवाद म्हणायचा. ज्यांच्यासाठी प्रोग्राम लिहीत होता त्यांच्यातल्या एका बाईची भूमिका तो स्वतःच वठवायचा. तिला आता काय हवं, या बटणाची तिला गरज आहे का. बघणाऱ्याला वेडा वाटला असेल.

पण मला या सगळ्यात आवडतो तो तांब्या. 1958 मध्ये भारत सरकारच्या सांगण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे नवरा-बायको डिझायनर भारत फिरले आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यातून पुढं 1961 मध्ये अहमदाबादची डिझाइनची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या लोट्याचं तोंडभरून कौतुक केलंय. हा लोटा कुणा एकानं बनवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांनी घडवलाय, आणि आज तो नव्यानं घडवायचा म्हटलं तर काय काय विचारावं लागेल, याची ते यादी देतात. पाणी किती मावावं, धरणारे हात कुणाचे, बाईचे की बाप्याचे, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा आणि रिकामा असताना कसा. विद्यार्थी असताना ते वाचलं तेव्हा मला आमच्या मोरीतला वुजूचा लोटा आठवला होता. डाव्या हातानं कलंडला की पाण्याची धार बारीक पडते, तीन वेळा हात धुऊन, चूळ भरून, तोंड आणि पाय धुऊनही पाणी उरतं. त्याची चोच तशी कुणी केली असेल, कुणाला बघून केली असेल?

मिरजेच्या माणसाला हे नवीन नाही खरं तर. आमच्याकडे सतारमेकरांच्या गल्लीत तंबोरा घ्यायला कुणी आलं तर आधी विचारतात, गाणार कोण? मर्दानी की जनानी? स्वर कुठला? त्याप्रमाणे भोपळा निवडतात, तारा चढवतात, जवारी काढतात. गाणाऱ्याला न ऐकता केलेला तंबोरा दिसायला देखणा असतो, एवढंच.

मी त्या गावात वाढलो, लोट्याचा उतारा मला तोंडपाठ, आणि तरी माझ्याच हातून दोन वाजताचा अलार्म बनला.

कसा बनला ते सांगतो. ऑफिसच्या भिंतीवर आमची तीन कागदी माणसं लावलेली होती. त्यातल्या मुख्य बाई म्हणजे एकसष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिका, कोथरूडला राहणाऱ्या, मुलगा परदेशात. त्यांचा प्रसंग मीच लिहिला होता. साडेसातला चहा, नऊला नाश्ता, दोनला जेवण, रात्री मालिका बघत जेवण, नऊला शेवटची गोळी. सुबक गोष्ट होती. सगळ्यांना आवडली, कारण आमच्यातल्या निम्म्यांच्या घरी अशी एखादी आई होती. माझ्या घरी नव्हती. माझ्या घरची आई वर्षातला एक महिना पहाटे चारला उठून जेवते, हे मला ठाऊक होतं.

आणि इथं एक कबुली द्यायला हवी. मला ते सुचलं नव्हतं असं नाही. त्या बैठकीत सुचलं होतं. रमजानचं काय, हे शब्द जिभेवर आले होते आणि मी ते गिळले. त्या मजल्यावर मी एकटा मुसलमान. ईदला बिर्याणी कुठाय म्हणून सगळे प्रेमानं विचारतात, एरवी कुणाचा काही त्रास नाही. तरी आपण बोललो की 'हा आपलंच घोडं पुढं दामटतो' असं वाटेल, ही एक बारीक भीती असते. कुणी तसं म्हटलं नव्हतं. मीच ते त्यांच्या वतीनं ऐकलं आणि गप्प बसलो. ज्यांच्यासाठी अ‍ॅप बनवायचं त्यांच्याबद्दल मी दोन वर्षं गोष्टी रचत होतो. शेजारच्या टेबलावरच्यांबद्दलही मी एक गोष्ट रचून ठेवली होती आणि तीही न तपासता.

मिरजेहून आल्यावर मी नवा प्रसंग लिहिला. त्यात कोथरूडच्या बाई नव्हत्या. पहाटे चार, स्वयंपाकघरातला पिवळा दिवा, भाभी भाकरी थापतेय, सकाळच्या गोळीचं पाकीट डब्याशेजारी. अजानला दहा मिनिटं उरलीत, तेवढ्यात पाणी पिऊन गोळी घ्यायची, पूर्ण की अर्धी हे विचारायला कुणी नाही. मग नऊला फोन वाजतो. दोनला वाजतो. बाई कुरआन बाजूला ठेवून, चष्मा शोधून बटण दाबते, कारण पुण्यात तिचा मुलगा काळजी करेल. असरनंतर हात थरथरू लागतात. मी हे बैठकीत वाचून दाखवलं. कुणाची आई, ते आधी सांगितलं नाही. शेवटी सांगितलं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग नाशिकची एक सहकारी म्हणाली, "माझी आई नवरात्रात नऊ दिवस असंच करते. मला लाल आलाच नाही कधी. म्हणजे तीही..." तिनं तिथंच फोन उचलला आणि आईला लावला. दुसऱ्याचे वडील सोमवार धरतात आणि दिवसभर साबुदाण्यावर राहतात. त्यांची साखर उलटी चढते. टेस्टिंगचा मुलगा म्हणाला, आपल्या गेटवरच्या काकांना विचारा, ते रात्रपाळीला असतात, त्यांचा नाश्ता संध्याकाळी सहाला. एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करणारी माणसं, पर्युषणातले जैन, कारखान्याच्या हंगामात मध्यरात्री गाडी भरणारे ऊसतोड मजूर. तासाभरात भिंत भरली. नऊ-दोन-नऊ असं जगणारी माणसं मोजायला बसलो तर तीच थोडी निघाली.

मॅनेजरनं रास्त प्रश्न विचारला, रमजानसाठी हे करायचं तर असे लोक किती? मी तयारी करून गेलो होतो. 2001 मध्ये तेरा देशांतल्या मुसलमान मधुमेहींची पाहणी झाली होती. टाइप 2 वाल्यांपैकी 79 टक्के लोकांनी महिन्यातले निदान पंधरा रोजे धरले होते. सवलत आहे हे सांगून माणसं थांबत नाहीत, हा आकडा मी आधी वाचला असता तर अम्मीशी दरवर्षी तोच वाद घालण्यात वेळ घालवला नसता.

बदल काय केले ते थोडक्यात. गोळीची वेळ घड्याळाला न बांधता जेवणाला बांधली, आणि जेवण कधी ते माणूस ठरवणार. 'घेतली' शेजारी 'आज घेतली नाही' असं दुसरं बटण आलं, तेवढ्याच आकाराचं, त्याच रंगाचं. मुलाला जाणारा लाल निरोप काढून टाकला. आता आधी त्या माणसालाच विचारलं जातं, घरी कळवू का? 'रमजान मोड' असं वेगळं काही करू या, अशी सूचना आली. तिला मीच विरोध केला. डोस कसा बदलायचा हे अ‍ॅपनं सांगू नये, ते डॉक्टरांचं काम. तीस रोज्यांसाठी एक आणि नऊ नवरात्रांसाठी एक अशा खोल्या पाडण्यात मला अर्थ दिसेना. शेवटी नुसतं 'आज जेवणाच्या वेळा वेगळ्या' असं ठेवलं. ते बटणावर मावत नाही म्हणून दोन दिवस भांडणं झाली.

प्रसंग लिहिण्याबद्दल माझं मत तेव्हापासून जरा बदललंय. टेबलाशी बसून लिहिलेली माणसं फार सज्जन असतात. ती वेळेवर जेवतात, विचारलं ते खरं सांगतात, स्वतःच्याच फोनवर स्वतःच्याच बोटानं बटण दाबतात. मी आता नव्या मुलांना दोन गोष्टी मागतो. प्रसंगातलं निदान एक वाक्य प्रत्यक्ष कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं हवं. आणि एक प्रसंग असा हवा की त्यात माणूस आपल्या यंत्राशी खोटं बोलतो, आणि का बोलतो. हा दुसरा लिहायला त्यांना फार जड जातं. एका मुलीनं घरी जाऊन वडिलांना विचारलं आणि दुसऱ्या दिवशी दोन पानं भरून आणली.

2023 च्या रमजानमध्ये मी आठवडाभर मिरजेला होतो. नवं अ‍ॅप अम्मीच्या फोनमध्ये घातलं, दोन्ही बटणं समजावून सांगितली. तिनं ऐकून घेतलं. पहाटे सेहरीला उठलो तर फ्रिजवर मदरशाचं सेहरी-इफ्तारचं वेळापत्रक चिकटवलेलं, आणि त्याच्या दोन्ही रकान्यांत, तारखेसमोर, निळ्या पेनानं बारीक खुणा. काही ठिकाणी फुली. मी विचारलं, हे काय? म्हणाली, गोळी घेतली की बरोबरची खूण, राहिली की फुली, डॉक्टरांना दाखवायला.

"और मोबाइल में?"

"उसमें भी दबाती ना," ती म्हणाली, "तेरा काम है वो."

मी त्या कागदाचा फोटो काढला. फुल्या चार होत्या. त्यातल्या एकीबद्दलही मला कुणी कळवलं नव्हतं.