आजोबांच्या टोपीवरील बिल्ला

दुसऱ्या महायुद्धाचा पाठ आला की मी मुलांना घरातील जुनी छायाचित्रे आणावयास सांगतो. गणवेशातील माणूस दिसला की आधी चेहरा नव्हे, बिल्ला पाहावा. आणि बिल्ला अंधुक असेल तर तो कोठे लावला आहे ते पाहावे. ब्रिटिश नौदलाचे वैमानिक पंखांचे चिन्ह डाव्या बाहीवर, हुद्द्याच्या सोनेरी पट्ट्यांच्या वर लावीत. वायुदलाचे वैमानिक छातीवर. मुलांना हे फार आवडते. आमच्या मुलांच्या घरी वैमानिक अजून निघालेला नाही, ही गोष्ट वेगळी.

निघतात ते महार रेजिमेंटचे शिपाई. पहिल्या महायुद्धात उभारलेली 111 महार पलटण 1921 मध्ये मोडण्यात आली होती. जुलै 1941 मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावात नव्या रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ आणि ‘महार’ हा शब्द होता. गावात जो शब्द शिवीसारखा फेकला जाई, तो आता धातूत घडवून टोपीवर मिरवावयाचा होता.

आमच्या घरी आजोबांचे एकच छायाचित्र आहे. मागे वडिलांच्या अक्षरात लिहिले आहे : ‘ब्रह्मदेश, 1943’. लहानपणापासून आम्ही ते अभिमानाने दाखवीत आलो. गेल्या वर्षी भिंगातून पाहताना स्तंभावर दोन तिरप्या रेघा दिसल्या. प्रथम ओरखडे वाटले. मोठे करून पाहिले, तर त्या एकमेकींवर ठेवलेल्या दोन विकर्स मशीनगन होत्या. हा बिल्ला ऑक्टोबर 1946 चा, रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली तेव्हाचा. पुढे स्तंभ जाऊन त्या जागी खंजीर आला. म्हणजे छायाचित्र युद्ध संपल्यानंतरचे.

इतिहासाचा शिक्षक असूनही हे आत्याला सांगावयास मला दोन महिने लागले.

“म्हणजे बाबा ब्रह्मदेशात गेलेच नव्हते म्हणतोस?” तिने विचारले.

“तसं नाही, आत्या. फोटो नंतरचा आहे, एवढंच.”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “ते पंजाबचं बोलायचे. माणसांनी भरलेल्या गाड्यांचं. आई आम्हाला तिथून उठवायची.”

1947 मध्ये महार रेजिमेंटच्या पलटणी पंजाब सीमा दलात होत्या. निर्वासितांच्या तांड्यांना संरक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे होते. आजोबांचे पंजाब आम्ही म्हातारपणाची बडबड समजत आलो. ब्रह्मदेशाविषयी मात्र सगळे विचारीत.

वडिलांचे अक्षर मी खोडले नाही. खाली पेन्सिलीने ‘ऑक्टोबर 1946 नंतर’ एवढे लिहिले. सागर येथील रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहावयाचे आहे. त्यासाठी आजोबांचा शिपाई क्रमांक हवा. तो आपल्या ट्रंकेतील कागदांत असेल, असे आत्या म्हणते. दिवाळीच्या सुट्टीत ट्रंक उघडू.