मळलेले तेल

चकल्या तळून उरलेले तेल गाळून पुन्हा वापरायला आमच्या घरात सक्त मनाई! साहजिकच, मोटारीसाठी मी पुनर्शुद्ध तेल आणले तेव्हा सौभाग्यवतींच्या कपाळाला आठी पडली. पण गाळणे वेगळे, शुद्ध करणे वेगळे. एंजिनातले तेल झिजत नाही. ते मळते, त्यातली पूरक द्रव्ये संपतात. कारखान्यात त्यातले पाणी-इंधन काढून निर्वातात ऊर्ध्वपातन करतात, हायड्रोजनची प्रक्रिया देतात, नवी द्रव्ये मिसळतात. पाटल्या मोडून बांगड्या केल्या, म्हणून सोने का हिणकस होते? गाडीच्या पुस्तिकेतली प्रत डब्यावर छापलेली असली, की खुशाल वापरावे. नुसत्या गाळलेल्या तेलाच्या स्वस्ताईला मात्र भुलू नये. एंजिनाचा घात होतो. आणि आपले जुने तेल गटारात न जाता कारखान्यात परतते ना, एवढे जरूर पाहावे!