पाहुण्याचा यजमान होताना

एप्रिल 2024 मध्ये ‘मुंबई’ बंद झाली. म्हणजे पॉलिगॉन या ब्लॉकचेनचं त्या नावाचं टेस्टनेट. खरे पैसे न गुंतवता, फुकट मिळणारी सरावाची नाणी वापरून आपला प्रोग्रॅम नीट चालतो का, हे पाहायची ती जागा. पॉलिगॉन ज्यावर बेतलेलं आहे त्या इथेरियम ब्लॉकचेनच्या जगात टेस्टनेटला स्थानकांची नावं द्यायची रीत पडली आहे. रॉप्स्टेन आणि रिंकबी ही स्टॉकहोमच्या मेट्रोची स्थानकं, कोवान सिंगापूरचं, गोर्ली हे नाव बर्लिनमधल्या स्थानकावरून आलेलं. 2025 साली सुरू झालेलं हूडी तर आपल्या बंगळुरूचं. पॉलिगॉनवाल्यांनी एखादं स्थानक न निवडता अख्खं शहर घेतलं. त्यामुळे काही वर्षं जगभरातली मुलं रात्री-अपरात्री ‘मुंबई’वर काम करत होती. त्यांतल्या बहुतेकांनी हे शहर पाहिलेलंही नसणार.

मी राहते खऱ्या मुंबईत, मढला. वर्सोव्याहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून यायचं, नाहीतर मालाडहून 271 नंबरच्या बसनं मार्वे रोडनं. गुरुवारी संध्याकाळी साडेसातला मी लॅपटॉप उघडून बसते, कारण इथेरियमच्या मुख्य डेव्हलपरांची बैठक तेव्हा सुरू होते. लंडनला दुपार असते, बीजिंगला रात्रीचे दहा, कॅलिफोर्नियात सकाळ नुकती होत असते. बैठक कुणीही ऐकावी. मी तिथं बोलणाऱ्यांतली नाही. एका छोट्या ओपन-सोर्स प्रकल्पात बाहेरून आलेला कोड फावल्या वेळात तपासणं एवढंच माझं काम. पण हे काम मी शिकले ते या बैठका ऐकत, आणि कधीही न भेटलेल्या माणसांनी माझ्या कोडवर सवडीनं लिहिलेल्या शेऱ्यांतून.

मुंबईतल्या आम्हा सगळ्या ब्लॉकचेनवाल्यांचीच गोष्ट थोडीफार अशी आहे. पॉलिगॉन 2017 साली ‘मॅटिक’ या नावानं सुरू झालं. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी ते मुंबईत उभं केलं, आणि पुढे मिहाइलो ब्येलिच हा सर्बियाचा माणूस सहसंस्थापक म्हणून त्यांच्यात सामील झाला. तो काळ अवघड होता. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं, आणि तो आदेश सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला थेट मार्च 2020 मध्ये. तरी काम पुढे गेलं, कारण पाया आधीच घातलेला होता. त्यांचा ‘बोर’ हा भाग इथेरियमच्या ‘गेथ’ या प्रोग्रॅमवरून फोर्क केलेला, म्हणजे त्याची प्रत घेऊन पुढे बदललेला, तर ‘हाइमडॉल’ टेंडरमिंट या आणखी एका ओपन-सोर्स प्रोग्रॅमवर बेतलेला. दोन्हींमागे परदेशातल्या लोकांचे कष्ट होते. आपण तिथं पाहुणे म्हणून गेलो आणि कुणी हटकलं नाही.

आता पाळी उलटली आहे. इथेरियम फाउंडेशननं आठव्या डेव्हकॉन परिषदेसाठी मुंबई निवडली आहे, साल 2026. इलेक्ट्रिक कॅपिटल या गुंतवणूक कंपनीच्या 2024 च्या अहवालात क्रिप्टो क्षेत्रात नव्यानं आलेल्या डेव्हलपरांत सर्वाधिक भारतातले होते. आपल्याकडचे प्रकल्प मोठे होताहेत आणि त्यांत हात लावायला परदेशातून लोक येताहेत, बिनपगारी, आपापली नोकरी किंवा कॉलेज सांभाळून. पाहुणा म्हणून चांगलं वागायला आपण शिकलो. यजमान व्हायला मात्र अजून शिकतो आहोत. ओपन-सोर्स परवान्यानं दार उघडं राहतं, पण आलेल्याला ‘बस’ म्हणायचं काम परवाना करत नाही. कोड सगळ्यांना दिसतो, आणि तरी पहिला पीआर, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, पाठवून आठवडेच्या आठवडे उत्तराची वाट पाहणारा माणूस एक दिवस गुपचूप निघून जातो. त्याचं जाणं कुठल्याही आकड्यात दिसत नाही.

नव्या माणसाला कसं घ्यावं, याचं माझ्या मनातलं उत्तम उदाहरण बिटकॉइनच्या अगदी सुरुवातीचं आहे. 2009 च्या मे महिन्यात हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातला मार्टी माल्मी हा विद्यार्थी बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोतो याला लिहितो की मला मदत करायची आहे. आपला अनुभव बराचसा कॉलेजपुरताच आहे, हेही तो सांगून टाकतो. सातोशीनं परीक्षा घेतली नाही, आधी सी प्लस प्लस शिकून ये असंही म्हटलं नाही. या मुलाला बिटकॉइन नीट समजलं आहे हे त्यानं ओळखलं आणि त्या घडीला जे काम खरोखर अडलेलं होतं ते त्याला दिलं: वेबसाइटसाठी मजकूर आणि सामान्य माणसाच्या प्रश्नांची उत्तरं. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्सवर चालणारं बिटकॉइन होतं, आणि त्यात माल्मीचा हात होता. लंडनमधल्या एका खटल्याच्या निमित्तानं फेब्रुवारी 2024 मध्ये माल्मीनं ही पत्रं जाहीर केली. मी ती वाचली तेव्हा मला सर्वांत भावला तो त्यातला साधेपणा. कामाची विचारपूस, छोट्या अडचणी, मध्येच एखादी शाबासकी. दोघं कधी भेटले नाहीत.

पण 2024 मध्येच, मार्चच्या अखेरीस, दुसरी गोष्टही उघडकीला आली. एक्सझेड युटिल्स हे फाइली लहान करणारं साधन, जगभरच्या लिनक्स यंत्रांत असलेलं. ते सांभाळणारा एकच माणूस, तोही स्वयंसेवक आणि थकलेला. 2021 पासून ‘जिया टॅन’ या नावानं कुणीतरी त्याला मदत करू लागलं. कामं बिनतक्रार, नीटनेटकी. विश्वास वाढला, हक्क मिळाले, आणि 2024 च्या फेब्रुवारीत त्या नावानं आत चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, तो मागे लागला, म्हणून अनर्थ टळला. ब्लॉकचेनच्या कोडवर लोकांचे पैसे उभे असतात. तिथं ही भीती पोकळ नाही.

या प्रसंगानंतर मी दारं लावून घ्यायची भाषा बरीच ऐकली. ओळखपत्र मागा, देश विचारा. मला ते पटत नाही. देशावरून माणूस पारखायला लागलं की काय होतं तेही पाहिलंय: 2019 च्या जुलैत अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या डेव्हलपरांची गिटहबवरची खाती अडवली गेली. ज्यांनी काही वाईट केलं नव्हतं त्यांचंच काम अडलं. आणि ‘जिया टॅन’नं मागितलं असतं तर उत्तम ओळखपत्रही आणून दिलं असतं.

माणूस पारखायची दुसरी रीत मला घराजवळच दिसते. मढच्या नाखवांकडे, म्हणजे बोटमालकांकडे, हंगामाला उत्तर प्रदेश, झारखंडकडून खलाशी येतात. काहींनी आधी समुद्र पाहिलेलाही नसतो. नव्या खलाशाच्या हाती कुणी सुकाणू देत नाही. दोर ओढणं, मासळी निवडणं, बर्फ भरणं इथून त्याची सुरुवात होते आणि बोटीवरच्या प्रमुखाची, तांडेलाची, नजर त्याच्यावर असते. पण ती नजर जुन्या खलाशावरही असते, आणि जेवायला तो पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या पंगतीत बसतो. मला प्रकल्पात नेमकं हेच हवंय. तपासणी सगळ्यांची सारखी, मग तो दहा वर्षं प्रकल्प सांभाळणारा मेंटेनर असो की काल आलेला. कुणाचाही कोड दुसऱ्यानं वाचल्याशिवाय आत जाऊ नये. एक्सझेडमध्ये उणीव होती ती दुसऱ्या डोळ्यांची. तो मेंटेनर एकटा पडला होता, त्याच्यावर बनावट नावांनी दबाव आणला जात होता, आणि त्याच्या बाजूनं कुणी उभं नव्हतं.

म्हणून नव्यांचं स्वागत आणि सुरक्षा या गोष्टी मी वेगळ्या धरत नाही. येणारे टिकले तरच वाचणारे वाढतात. इथेरियमच्या गाभ्यावर काम करायला शिकवणाऱ्या इथेरियम प्रोटोकॉल फेलोशिपमध्ये एक सोय मला फार आवडते: निवड झाली नाही तरी कुणीही त्यात सहभागी होऊन काम करू शकतं. भत्ता मिळेलच असं नाही, पण शिकवणी आणि सोबत मिळते.

आमच्या प्रकल्पात नायजेरियातल्या एका विद्यार्थ्यानं पहिला पीआर पाठवला तो माहितीपत्रातल्या एका चुकीच्या आज्ञेचा. एक ओळ. ती दुरुस्त केल्यावर त्याला विचारलं की ही आज्ञा तू चालवून पाहताना आणखी कुठे अडलास? त्यानं लांबलचक यादी पाठवली. आम्ही आत असणाऱ्यांना त्या अडचणी दिसायच्या केव्हाच बंद झाल्या होत्या. पुढची कामं त्याच यादीतून निघाली आणि त्यातली बरीच त्यानंच केली. आता नव्यांचे पहिले पीआर तो वाचतो. त्याची संध्याकाळ म्हणजे आमची रात्र, त्यामुळे मुंबई झोपल्यावरही येणाऱ्याला उत्तर मिळतं. डेव्हकॉनला यायची त्याची तयारी चालली आहे. व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागेल का, ते कुणी द्यायचं, राहायचं कुठे, याच्या चौकशा सध्या मी करते आहे.