धृतराष्ट्राची मिठी

त्रिशूरहून पीची धरणाकडे निघालो तेव्हा पावसाळा सरत आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोळे निवतील अशी हिरवाई. कुंपण, केळी, रबराची कोवळी झाडे, सगळ्यांवर एकाच वेलीची चादर पसरलेली. बदामाच्या आकाराची पाने आणि बारीक पांढरट फुलांचे झुबके.

वहिनींना ती फारच आवडली. "गॅलरीच्या जाळीवर छान चढेल. एक फांदी बेळगावला नेऊया," म्हणत त्या पुढे झाल्या. तेवढ्यात बागेतल्या एका वयस्क गृहस्थांनी हात केला. मंगळूरला राहिल्यामुळे त्यांना कानडी येत होते. "बेड अम्मा, इदु धृतराष्ट्रपच्च!"

'पच्च' म्हणजे हिरवे. भीम समजून धृतराष्ट्राने लोखंडी पुतळा मिठीत चूर केला, ती कथा आपण मराठीतही ऐकली आणि कन्नडातही. गृहस्थांनी चादरीचा कोपरा उचलला. खाली पेरूचे झाड होते. ऊन न मिळाल्याने पाने झडलेली, फांद्या वाळलेल्या. वहिनींनी हात मागे घेतला.

या वेलीचे शास्त्रीय नाव मिकानिया मायक्रँथा. ती मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धात ईशान्य भारतातले विमानतळ झाकायला आणली, असे सांगतात. हवा मानवली की दिवसाला ८-९ सेंटिमीटर वाढते. बी वाऱ्यावर उडते, तुटलेला तुकडाही पेरापाशी मुळे धरतो. मायदेशी तिला आवरणारे कीटक व बुरश्या आहेत, इथे त्या नाहीत. तिच्यावर तांबेरा पाडणारी बुरशी २००५ साली आसामात आणि २००६ साली केरळात मुद्दाम सोडली, पण ती इथे तग धरू शकली नाही. म्हणून फुलण्याआधी मुळासकट उपटणे, हाच हातचा उपाय. वरवर कापली तर पुन्हा फुटते.

प्रत्येक वेल वैरी नसते. आपली गुळवेल, म्हणजे कन्नडातली अमृतबळ्ळी, हीसुद्धा झाडावरच चढते. पण ती इथल्याच रानात वाढलेली, झाडांशी जुळवून घेतलेली. सहलीहून रोप आणायची आपल्याकडे हौस मोठी. हौस जरूर करावी, पण रस्त्याकडेची फांदी पिशवीत टाकण्याआधी तिथल्या माणसाला नाव विचारावे. खानापूरच्या रानालाही पाऊस भरपूर आहे, आणि अशा वेलीला तेवढेच पुरते.