यंदा रमजान कुठे?

लंडनमधल्या आमच्या ऑफिसच्या पँट्रीत हा प्रश्न पहिल्यांदा कानावर पडला, तेव्हा मला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. रमजान 'कधी' हे ठीक आहे, पण 'कुठे'? आपल्याकडे थर्टीफर्स्टचं असं विचारतात. गोवा की अलिबाग! पण इथे एकाने इस्तंबूल म्हटलं, दुसऱ्याने कैरो, कुणीतरी मक्का. आणि माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणारी टीममेट हातातला मग नुसताच फिरवत म्हणाली, "मला यंदा घरी नको."

ही फेब्रुवारी 2024 ची गोष्ट. मी पुण्याहून प्रोजेक्टवर गेलेली, ती जन्माने लंडनची. आजोबा सिल्हेटहून आलेले, घर व्हाइटचॅपलला. खरं सांगायचं तर रमजानबद्दल माझं ज्ञान मोहम्मद अली रोडवर संपत होतं. मीनारा मशिदीजवळ रात्री अकरा वाजता मालपुवा खायचा, फोटो काढायचे, लास्ट लोकल पकडायची. जो माणूस मालपुवा तळतोय त्याने दिवसभर पाणीसुद्धा प्यायलेलं नाही, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. 

तर हा 'कुठे'चा फंडा काय? इस्लामी वर्ष चंद्रावर चालतं. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मुंबईत याने फारसं बिघडत नाही, कारण आपला दिवस उन्हाळ्यात-हिवाळ्यात जेमतेम दोन-अडीच तासांनी बदलतो. लंडनमध्ये? 2016 साली रमजान जूनमध्ये होता. सूर्य मावळायचा सव्वानऊनंतर आणि सहरी संपायची पहाटे तीनच्या आसपास. म्हणजे अठरा तासांचा रोजा, आणि वर नऊ ते सहा ऑफिस! नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला तर उन्हाळ्यात दोन महिने सूर्य मावळतच नाही. तिथले बरेच मुसलमान अशा वेळी सरळ मक्केच्या वेळेप्रमाणे रोजा सोडतात. तेव्हापासून ज्याला परवडेल तो 'थोडे दिवस तरी दक्षिणेला जाऊ' असा विचार करू लागला, असं टीममेटचं म्हणणं.

पण मार्चमधला रोजा काही एवढा लांब नसतो. मग आता कशाला पळायचं?

याचं एक उत्तर आमच्या टेस्टिंग टीममधल्या एका गोऱ्या मुलाने दिलं. त्याने पाच-सहा वर्षांपूर्वी इस्लाम स्वीकारलेला. घरचे उत्तर इंग्लंडमध्ये, हा क्रॉयडनच्या स्टुडिओ फ्लॅटमध्ये एकटा. "मोबाइलवर अझान वाजते, मी खजूर खातो, मायक्रोवेव्ह लावतो. झाली माझी इफ्तार," तो म्हणाला. 2023 मध्ये त्याने सगळी शिल्लक सुट्टी जमवली आणि कैरो गाठलं. तिथे रमजानात ऑफिसची वेळच कमी होते. गल्लोगल्ली कंदील लटकतात, त्यांना फानूस म्हणतात. आणि संध्याकाळी रस्त्यावर लांबच लांब टेबलं मांडली जातात. कुणीतरी पैसे दिलेले असतात, खाणारा कुणीही असू शकतो. "मला एका म्हाताऱ्याने मनगटाला धरून खुर्चीत बसवलं. नावसुद्धा विचारलं नाही." हे सांगताना त्याने स्वतःचं मनगट धरून दाखवलं होतं.

मोरोक्को तर अजून भारी. 2018 पासून तो देश वर्षभर घड्याळ एक तास पुढे ठेवतो, पण रमजान आला की मागे घेतो. अख्खा देश! आणि आमच्याकडे सहाच्या मीटिंगची साडेपाच करून घ्यायला टीममेटला तीन ईमेल लिहावे लागले होते.

अर्थात सुट्टीचं गणित सगळ्यांचं सारखंच कच्चं. ब्रिटनमध्ये आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला कायद्याने वर्षाला किमान 28 दिवस भरपगारी रजा, पण त्यात बँक हॉलिडेही धरता येतात. म्हणजे ख्रिसमस त्यातच. ईद मात्र स्वतःच्या खिशातून. वर चंद्र दिसण्यावरून एकाच गल्लीतल्या दोन मशिदींची ईद वेगवेगळ्या दिवशी होऊ शकते, त्यामुळे बॉसला नक्की तारीख सांगायची पंचाईत. मला हे लगेच कळलं. गणपतीला पुण्याला जायचं की डिसेंबरसाठी रजा वाचवायची, यावर मी दरवर्षी एक्सेल शीट करते.

टीममेटचं कारण मात्र वेगळं होतं, आणि ते पँट्रीत सांगण्यासारखं नव्हतं. आदल्या पावसाळ्यात तिचे वडील गेले. इफ्तारच्या टेबलावर ते दाराकडे तोंड करून बसायचे, खजुरांची वाटी तेच फिरवायचे. "ती खुर्ची बघत महिनाभर जेवायचं? मला नाही जमणार." आईने मात्र ठाम सांगितलं, मी कुठेही येणार नाही. भाऊ मँचेस्टरला. शेवटी तिने पहिल्या वीकेंडला जोडून दोन दिवस रजा टाकली, इस्तंबूलचं तिकीट काढलं आणि मला म्हणाली, "चल."

मी गेले. ब्रिटिश पासपोर्टला व्हिसाच लागत नाही, मला यूकेच्या व्हिसावर ई-व्हिसा मिळाला. चार तासांची फ्लाइट.

इस्तंबूल रमजानात काय दिसतं, बॉस! सुलतानअहमदच्या निळ्या मशिदीला सहा मिनार. त्यातल्या दोन मिनारांच्या मध्ये दोर ताणून दिव्यांनी अक्षरं लिहितात, आकाशात लटकल्यासारखी. याला माह्या म्हणतात, आणि ही पद्धत 400 वर्षांपासूनची. संध्याकाळी बेकऱ्यांपुढे रांगा लागतात, गोल, तीळ लावलेल्या 'रमजान पिदे'साठी. लोक गरम पाव कागदात गुंडाळून अक्षरशः पळत सुटतात. पहाटे ढोल वाजवत माणूस गल्लीतून जातो, उठा, सहरी करा. आपल्या वासुदेवाची आठवण आली. फक्त हा बराच जोरात.

पण टीममेटचा पहिल्याच दुपारी हिरमोड झाला. फेरीने कादिकॉयला गेलो तर कॅफे भरलेले, लोक आरामात चहा पितायत, सिगरेटी ओढतायत. "हे काय? व्हाइटचॅपलमध्ये यापेक्षा जास्त रोजे असतील!" मला हसू आलं. पुण्याबाहेर गेल्यावर पुण्यापेक्षा कडक चतुर्थी पाळणारे भेटतात, तसंच हे. 

संध्याकाळी मात्र सुलतानअहमदच्या हिरवळीवर जागा मिळेना. सतरंज्या, थर्मास, डबे, लहान पोरं. आमच्याकडे पिदे, ऑलिव्ह, चीज आणि गुल्लाच, म्हणजे दुधात भिजवलेल्या पातळ पापुद्र्यांची गुलाबपाण्याच्या वासाची मिठाई. सव्वासातच्या सुमाराला अझान झाली आणि एवढं मोठं मैदान एकदम गप्प झालं. शेजारच्या बाईंनी न विचारता आमच्यापुढे सूपचे दोन पेले सरकवले. टीममेटने खजूर तोंडात टाकला आणि सवयीने आईला फोन लावला.

लंडनमध्ये तेव्हा सव्वाचार वाजले होते. आईचा रोजा अजून जवळजवळ दोन तास बाकी.

"खाल्लंस?" आईने विचारलं. फोन स्पीकरवर होता. टीममेटने तोंडातला खजूर तसाच गालात धरला. "नाही, इथे पण वेळ आहे अजून," ती म्हणाली. मग आईने सांगितलं की खालच्या मजल्यावरची बाई येणार आहे, दोघी मिळून छोले करतायत, काळजी करू नको. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही. सूप गार झालं.

परत आल्यावर लंडनमध्ये मी डोळे उघडे ठेवून फिरले. पिकॅडिली सर्कसजवळच्या कॉव्हेंट्री स्ट्रीटवर 2023 पासून रमजानची रोषणाई होते. पहिल्या वर्षी 30 हजार दिवे होते. 2011 मध्ये विद्यार्थ्यांच्या एका तंबूत सुरू झालेली 'ओपन इफ्तार' आता ट्राफल्गार स्क्वेअरला भरते, आणि 2023 मध्ये तर चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर, पिचच्या कडेला पंगत बसली होती. कुणीही जावं, फुकट. दिवे मला आवडले, पण ते शॉपिंगवाल्यांचे वाटतात. पंगत मात्र खरी.

31 मार्चला ब्रिटनची घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेली. इफ्तार एका रात्रीत साडेसहावरून साडेसातवर. "म्हणजे आता ऑफिसमधून घरी पोचता येतं," टीममेट म्हणाली, आणि तिने आम्हाला दोघांना, मला आणि क्रॉयडनवाल्याला, व्हाइटचॅपलला बोलावलं.

टेबलावर कुरमुरे, मसालेदार हरभरे, मसुराच्या डाळीची भजी, वांग्याची भजी, जिलबी. आंटींनी कुरमुरे, हरभरे, कांदा, मिरची सगळं एका परातीत घालून हाताने कालवलं. मी न राहवून म्हटलं, "ही तर भेळ!" त्यांना शब्द भलताच आवडला. क्रॉयडनवाला उशिरा पोचला, धापा टाकत. एकच खुर्ची रिकामी होती, दाराकडे तोंड केलेली. तो बसणार तेवढ्यात टीममेटने आईकडे पाहिलं. आंटी काही बोलल्या नाहीत. त्यांनी खजुरांची वाटी उचलली आणि त्याच्या हातात दिली. बिचाऱ्याला काय करायचं कळेना. मी खुणेनेच सांगितलं, फिरव.

2025 चा रमजान आला तेव्हा मी पुण्यात परतले होते. 'यंदा कुठे?' म्हणून मी तिला मेसेज टाकला. उत्तर आलं, 'आई उमराहला जायचं म्हणतेय. रमजानातल्या उमराहचं पुण्य हजएवढं असतं ना. पण शेवटच्या दहा दिवसांत तिथल्या हॉटेलांचे रेट बघितलेस का? आणि तिची अट आहे, खालच्या मजल्यावरच्या बाईलाही न्यायचं. एक्सेल शीट पाठव.'