आर्सेन वेंगर आणि आमच्या घरातले दोन पक्ष

फुटबॉल हा काही माझा विषय नव्हे. शाळेच्या मैदानावर मुलं फुटबॉल खेळायची तेव्हा माझं सगळं लक्ष वर्गाच्या काचांकडे असायचं! पण मुलगा २००१ साली नोकरीसाठी लंडनला गेला, हायबरी भागात राहिला आणि आर्सेनलचा भक्त झाला. नातू तिथेच २००४ साली जन्मला. तो तर जन्मतःच आर्सेनलचा. आता एकाच क्लबचे म्हटल्यावर बापलेकांचं एकमत असावं की नाही? पण वेंगर हे नाव निघालं की दोघांची तोंडं दोन दिशांना. आणि ही फक्त आमच्याच घरातली गोष्ट नाही. त्या क्लबच्या चाहत्यांत या माणसावरून सरळसरळ दोन तट पडले होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिकडे क्लबचा मॅनेजर म्हणजे हिशेब बघणारा नव्हे. खेळाडू निवडणं, विकत घेणं, शिकवणं, सामन्याचे डावपेच, सगळं त्याच्याकडे. आर्सेन वेंगर १९९६ मध्ये आर्सेनलला आले ते जपानमधला क्लब सोडून. मूळचे फ्रेंच, अर्थशास्त्राचे पदवीधर, चष्मा लावणारे, मास्तरांसारखे दिसणारे. कोण हा बाबा, असंच लोकांना वाटलं. या मास्तरांनी आधी खेळाडूंची थाळीच बदलली. चॉकलेट बंद, उकडलेल्या भाज्या आणि मासे सुरू. खेळाडू बसमध्ये चॉकलेटसाठी ओरडायचे म्हणे! पण १९९८ मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, २००२ मध्ये पुन्हा दोन्ही. आणि २००३-०४ च्या हंगामात कहरच. ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरीत, पराभव एकही नाही. मागच्या आणि पुढच्या हंगामातले धरून लीगमधले सलग ४९ सामने ते हरले नाहीत.

मुलाचे वेंगर हे. त्याने ऑन्री आणि व्हिएरा यांना हायबरीच्या जुन्या मैदानावर खेळताना पाहिलंय. आणखी एक गोष्ट तो नेहमी सांगतो, ती त्याने स्वतः पाहिलेली नाही, पण मला सगळ्यात आवडते. फेब्रुवारी १९९९ मध्ये शेफील्ड युनायटेडशी एफए कपचा सामना होता. त्यांचा एक खेळाडू जखमी झाला म्हणून चेंडू बाहेर मारला गेला होता. रिवाजाप्रमाणे तो परत द्यायचा. नवख्या कानूला ते कळलं नाही, त्याने तो पुढे नेला आणि ओव्हरमार्सने गोल केला. नियमाने गोल बरोबर, आर्सेनल २-१ ने विजयी. पण वेंगर यांनी सामना संपल्यावर स्वतःहून सांगितलं, आपण पुन्हा खेळू. दहा दिवसांनी पुन्हा खेळले आणि पुन्हा २-१ नेच जिंकले! नागरिकशास्त्राच्या पुस्तकात घालावा असा धडा आहे की नाही?

नातवाचे वेंगर वेगळे. त्याला कळायला लागलं तोवर क्लब एमिरेट्स या साठ हजार प्रेक्षकांच्या नव्या मैदानात गेला होता. मैदान बांधायचं म्हणून हात आखडता, त्यात चांगले खेळाडू सोडून गेलेले. २०११ मध्ये फाब्रेगास, २०१२ मध्ये व्हान पर्सी. २००५ नंतर थेट २०१४ पर्यंत एकही करंडक नाही. २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून ८-२ अशी धुलाई. २०१७ मध्ये बायर्नने दोन सामने मिळून १०-२ ने हरवलं. दरवर्षी पहिल्या चारांत यायचं आणि त्यातच समाधान मानायचं. तिकिटं मात्र इंग्लंडमधल्या सर्वांत महागांपैकी. नातू म्हणतो, "आजी, बाबांनी त्यांचे पैसे वसूल केलेत. मी आभार कशाचे मानू?"

आता सांगा, यातलं खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. एकाच माणसाची दोन टोकं धरून दोघं बसलेत.

१८ मार्च २०१७ ला तर गंमतच झाली. गंमत कसली म्हणा, मला वाईटच वाटलं. वेस्ट ब्रॉमविरुद्धच्या सामन्यात मैदानावरून एक विमान फलक घेऊन उडालं, त्यावर वेंगरना नवा करार देऊ नका, घालवा, असा मजकूर. मागोमाग दुसरं विमान, आमचा आर्सेनवर विश्वास आहे म्हणणारं! दोन्हीकडच्या चाहत्यांनी आपल्या खिशातून भाडं भरलेलं. आणि खाली तो ६७ वर्षांचा माणूस सामना हरत होता.

मी यावर पुष्कळ विचार केला. आम्हा शिक्षकांचं बरं असतं. ५८ वर्षं पूर्ण झाली की नारळ, शाल, चार भाषणं आणि घरी! मी चांगली शिकवत होते की शेवटी शेवटी कंटाळवाणी झाले होते, हे कुणालाच ठरवावं लागलं नाही. "बाई, आता पुरे" असं कुणी तोंडावर म्हणायची वेळ आली नाही. तो कटू निर्णय कॅलेंडरनेच घेतला. वेंगरना अशी तारीखच नव्हती. निर्णय क्लबच्या मालकांनी घ्यायचा, तर ते नवे करार देत राहिले. वेंगरनी स्वतः घ्यायचा, तर ज्या घराची वीट न् वीट आपण रचली ते सोडवत नाही माणसाला. मग ते काम चाहत्यांच्या गळ्यात पडलं, आणि गर्दीला हळू आवाजात सांगता येत नाही. २०१४ च्या डिसेंबरात तर रेल्वे स्टेशनवर गाडीत चढताना लोकांनी त्यांना नको नको ते ऐकवलं.

म्हणून 'गरज सरो, वैद्य मरो' असं नातवाला सुनवायला माझी जीभ रेटत नाही. "आता थांबा" म्हणणं हा कृतघ्नपणा नव्हे. ऋण मानणारा माणूसही ते म्हणू शकतो. पण ते कसं म्हणायचं, यात आपली परीक्षा असते. स्टेशनवरचे ते लोक त्यात नापास झाले, एवढं मात्र मी नातवाला स्पष्ट सांगितलं.

एप्रिल २०१८ मध्ये वेंगरनी जाणार असल्याचं जाहीर केलं. बावीस वर्षं, तीन लीग विजेतेपदं, सात एफए कप. ६ मे ला घरच्या मैदानावर शेवटचा सामना, बर्नलीवर ५-० ने विजय. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्यात घालवा म्हणणारेही असणारच! त्यांच्यानंतर क्लब लागोपाठ दोनदा आठव्या क्रमांकावर आला, तेव्हा मुलाने फोनवर नातवाला बोलून घेतलं. "चौथा नंबर बरा होता की नाही रे?" नातू म्हणाला, "ते उशिरा गेले, त्याचंच हे फळ!" भांडण आहे तिथेच.

जुलै २०२३ मध्ये एमिरेट्सबाहेर वेंगर यांचा पुतळा उभा राहिला, दोन्ही हातांनी करंडक उंच धरलेला. शिल्पकाराचं काम सोपं, त्याला एकच क्षण निवडायचा असतो. माणसाला मात्र पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत सगळं जगावं लागतं. माझ्यापुरतं म्हणाल तर माझे वेंगर करंडकवाले नाहीत, जिंकलेला सामना पुन्हा खेळू म्हणणारे आहेत.

असो. तुमच्या घरीही असा एखादा वाद असेलच... क्रिकेटवरून, गाण्यावरून, नाहीतर एखाद्या जुन्या सरांवरून. तुम्ही माणसाचं कुठलं टोक धरता, जरूर कळवा.