सायकल, कालवा आणि आमची पाणंद

मागच्या रविवारी माझ्या शर्टाची बाही फाटली. सौ.ने विचारलं, "कशात अडकली?" म्हणालो, "तारेत." "कोणाच्या तारेत?" याचं उत्तर मी दिलं नाही. ते इथे देणार आहे, पण जरा वळसा घेऊन. मास्तरकीची सवय, एका वाक्यात उत्तर द्यायला जमत नाही.

१९७५ साली मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. शाळा साखऱ्याहून सात किलोमीटरवर, आणि तिथे जायला पाणंद. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता (तो १ मे १९९९ रोजी झाला), आम्ही परभणीवाले. कोणाची तरी वापरलेली ॲटलास सायकल घेतली आणि अकरा वर्षं त्या पाणंदीने गेलो-आलो. दोन्ही बाजूंनी बाभळी, मध्ये बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, त्यातल्या एका चाकोरीत माझं चाक. समोरून गाडी आली तर गाडीवान बैल आवरायचा, मी उतरायचो, राम राम व्हायचा. वाहतूक म्हणावी ती एवढीच.

त्या रस्त्याचे गोडवे मात्र गाणार नाही. मृगाचा पाऊस पडला की काळी माती चाकाला अशी धरायची की मडगार्डमध्ये गच्च बसून चाक फिरायचंच नाही. दर पन्नास पावलांवर बाभळीच्या काडीने चिखल काढायचा. शेवटी कंटाळून सायकल खांद्यावर. तेव्हा पोरं म्हणायची, "आज सायकल गुरुजीवर बसून आली." म्हणून पुढे डांबरी रस्ता झाला, एस.टी. येऊ लागली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला असेल. पाणंदीकडे मी पुन्हा वळूनही पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर सायकल चालूच होती, पण डांबरी रस्त्याने. आपल्याकडे रस्त्याच्या कडेची साइडपट्टी बहुधा रस्त्यापेक्षा वीतभर खाली असते, हे ज्याला मोठ्या गाडीला वाट द्यावी लागते त्यालाच कळतं. २०२१ च्या दिवाळीनंतर एक वाळूचा हायवा इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानेच मी खाली गेलो. डावं मनगट मोडलं. पुण्याहून थोरला आला. बोलला काही नाही, सायकल उचलून गोठ्यात ठेवली. "बाबा, आता वय झालं." मला ते पटलं, हे महत्त्वाचं. पुढे तिच्या हँडलला कासरे टांगले जाऊ लागले.

मग २०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघं फ्रान्सला, लेकीकडे गेलो. जावईबापू तुलूजला विमानाच्या कारखान्यात आहेत. घरापासून चालत दहा मिनिटांवर एक कालवा, कनाल दु मिदी. चौथ्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, माझी सायकल घ्या आणि कालव्याकाठी जाऊन या."

"अगं, दादाला कळलं तर?"

"तिथे गाडी येतच नाही. धडकणार कशाला, बदकाला?"

तो कालवा म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. पिएर-पॉल रिके नावाच्या, मिठावरचा कर गोळा करणाऱ्या माणसाने १६६६ मध्ये राजाची परवानगी मिळवली आणि तुलूजपासून भूमध्य समुद्राकडे २४० किलोमीटरचा कालवा खणायला घेतला. स्वतःचा पैसा त्यात घातला, कर्जबाजारी झाला, १६८० च्या ऑक्टोबरमध्ये वारला, आणि कालवा सुरू झाला १६८१ च्या मे महिन्यात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी तिकडे हे खोदकाम चालू होतं. (वर्गात हे सांगायला किती बरं वाटलं असतं!) कालव्यातल्या नावा घोडे ओढायचे. घोड्यांना चालायला काठाने सलग वाट हवी, ती ठेवली. पुढे रेल्वे आली, मग ट्रक आले, नावांची मालवाहतूक संपली, घोडे तर त्याआधीच गेले. वाट तेवढी राहिली. तिच्यावर आता सायकली चालतात, माणसं चालतात, आणि मोटारीला मनाई आहे. अशा वाटांना ते 'व्हॉय व्हेर्त' म्हणतात, हिरवी वाट. २००४ पासून त्यांच्या वाहतुकीच्या नियमांतच हा वेगळा प्रकार आहे. अशी पहिली वाट बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्ल्युनी या दोन गावांमध्ये, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये झाली, असं जावईबापूंनी सांगितलं.

पहिल्या दिवशी मी तीन किलोमीटर गेलो. भीती होती. पाठीमागून काही येतंय का म्हणून कान टवकारलेले. अर्ध्या तासाने लक्षात आलं की येतच नाही, तेव्हा कान आपोआप सैल झाले आणि इतर काही ऐकू यायला लागलं. पाण्याचं, पाखरांचं, माझ्याच साखळीचं. दोन्ही काठांना चिनारच्या कुळातली उंच झाडं, त्यांच्या फांद्या वर एकमेकींना भेटलेल्या. भेटेल तो "बोंजूर" म्हणतो. आपला राम रामच तो. मीही दोन-तीनदा चुकून रामराम घातला, कोणी वाईट मानलं नाही.

जूनच्या अखेरीस जावईबापू, नात आणि मी मुक्कामी सहलीला निघालो. तुलूजपासून नोरूझच्या खिंडीपर्यंत, पन्नासेक किलोमीटर, दोन दिवसांत. डब्यात सौ.चे धपाटे. वाटेत नावा चढवायचे-उतरवायचे पाण्याचे दरवाजे लागतात. प्रत्येकाशी राखणदाराचं जुनं घर, आणि घराच्या भिंतीवर पाटी: या दरवाजाचं नाव, मागचा किती दूर, पुढचा किती दूर. नात पाट्या वाचायची आणि मी बेरीज करायचो. बाजूला सूर्यफुलांची शेतं, बहर अजून यायचा होता.

नोरूझ हा कालव्याचा सर्वांत उंच बिंदू. डोंगरातून आणलेलं पाणी तिथे कालव्यात पडतं आणि दोन वाटांनी जातं, एक अटलांटिककडे, दुसरी भूमध्य समुद्राकडे. नातीला मी सांगितलं की आपल्या सेनगाव तालुक्यातही असंच आहे. एका उतारावरचं पाणी कयाधूला जातं, दुसऱ्या उतारावरचं पूर्णेला. फरक एवढाच की आपलं पाणी कितीही भांडून वेगळं निघालं तरी शेवटी गोदावरीतच जातं. कयाधू पैनगंगेतून लांबचा वळसा घेते, पूर्णा सरळ जाते.

तिथल्या बाकावर बसलो असताना मनगट चाचपून पाहिलं. दुखत नव्हतं. गुडघाही नाही. माझं वय झालं म्हणून सायकल सुटली असं सगळे म्हणत होते, मीही म्हणत होतो. आणि इथे ७२ वर्षांचा मी पन्नास किलोमीटर येऊन धपाटे खात होतो! जावईबापूंना म्हणालो, "आमच्याकडे असा रस्ता नाही." ते म्हणाले, "तुम्ही तर सांगायचात, शाळेला पाणंदीने जायचो म्हणून." मी गप्प बसलो.

तिकडेही सगळं छान आहे असं नाही. २००६ मध्ये त्या झाडांवर एक बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून आलेल्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून तो आला, असं म्हणतात. कालव्याकाठी अशी ४२,००० झाडं होती, त्यांतली हजारो तोडावी लागली. पण जागेवर दुसऱ्या जातींची लावताहेत. आमच्याकडे रस्ता रुंद होताना चिंचा-लिंब गेले, त्याला कोणताही रोग लागत नाही. असो.

परत आल्यावर गोठ्यातली सायकल काढली. थोरल्याला फोन केला, "डांबरीवर जाणार नाही, शब्द देतो." मग गावनकाशा मिळवला. पाणंद त्यावर आहे, तुटक दुहेरी रेषेने दाखवलेली. म्हणजे गाडीमार्ग, कमीत कमी साडेसोळा फुटांचा. उन्हाळ्यात पहाटे निघालो. पहिले दोन किलोमीटर जुन्यासारखेच. तितर उडाले, रोह्यांचा कळप थांबून बघत राहिला. वैरणीचा भारा घेऊन येणारी एक बाई म्हणाली, "गुरुजी, रस्ता चुकलात काय?" मग वाट अरुंद होत गेली. कोणाचा धुरा पुढे आलेला, कोणाची हळद. आणि एका ठिकाणी इतकी चिंचोळी की उतरून सायकल आडवी धरावी लागली. एका बाजूला समोरच्या शेतकऱ्याची बोरी-बाभळी, दुसऱ्या बाजूला काटेरी तारेचं कुंपण.

कुंपण आमचं होतं.

२०१२ मध्ये रानडुकरांच्या त्रासाने आम्ही तार ओढली. मी स्वतः उभा होतो. खांब रोवणाऱ्याने विचारलं, "गुरुजी, कुठून घ्यायचं?" मी पायानेच दाखवलं. तोंडाने सांगितलं असतं तर कदाचित जीभ अडखळली असती. पाणंद तेव्हा कोणी वापरत नव्हतं, समोरचाही आत आलेला होता, आणि मी? मी तर डांबरी रस्त्याने जात होतो.

दोन वर्षं मी तिथे उतरून, अंग चोरून सायकल नेत राहिलो. कोणाला बोललो नाही. रविवारी बाही फाटली तेव्हा टेप आणून मोजलं. हद्दीचा जुना दगड अजून आहे, त्यावरून. साडेसोळांपैकी साडेचार फूट उरलेत. बारा गेले. पाच आपले, सात समोरच्याचे असतील असा माझा अंदाज. मोजल्यावर उलटं निघालं.

पुतण्या शेत करतो. त्याला सांगितलं, खांब मागे घ्यायचे. तो म्हणाला, "काका, लोक तहसीलला अर्ज करून रस्ता मागायलेत, अन् तुम्ही न मागता द्यायलात? समोरच्यानं काढल्याबिगर आपण काहून काढायचं?" त्याचं चूक नाही. सात फुटांत दरसाल दोन-चार ओळी सोयाबीन येतं, आणि ते माझ्या पेन्शनीत मोजलं जात नाही, त्याच्या घरात मोजलं जातं. त्या ओळींचे पैसे मी देतो म्हणालो. त्याला ते आवडलं नाही. पण परवा पहार घेऊन आला.

सकाळपासून दुपारपर्यंत नऊ खांब निघाले. एकूण चाळीस आहेत. समोरचा शेतकरी, माझाच विद्यार्थी, त्याच्या धुऱ्यावर येऊन बराच वेळ उभा राहिला.

"काय करायलात, गुरुजी?"

"सायकल जाईना रे."

तो हसला. आपल्या बोरीकडे एकदा बघितलं, तंबाखू मळली आणि निघून गेला. उरलेले एकतीस खांब पुतण्या म्हणतो सोयाबीन निघाल्यावर. तोपर्यंत तिथे मी उतरतो. बाही सौ.ने शिवून दिली आहे, तिला आता कोणाची तार ते माहीत आहे.